गप्प राहणारी नायिका अख्खी कादंबरी पेलू शकते का?

सांजवात

नमस्कार मंडळी,

गेलं दीड वर्ष एक फँटसी कादंबरी लिहितेय. तेरा प्रकरणं झालीत आणि आता गाडं अडलंय, म्हणून इथे आले.

नायिकेचं नाव निरू, वय चौदा. डोंगरमाथ्यावरच्या एका गढीत खूप खोल विहीर आहे. तिच्या रहाटावर पूर्वी निरूची आजी असायची, आता निरू असते. विहिरीच्या तळाशी काहीतरी आहे आणि ते गेलेल्या माणसांच्या आवाजात बोलतं. गढीतली माणसं रात्री काठाशी येतात, आपापल्या माणसाशी दोन शब्द बोलतात, डोळे पुसत परत जातात. निरू कुणाशीच बोलत नाही. ती पाणी शेंदते. दोराला हाताहातावर गाठी मारून पाणी किती खोल गेलं ते मोजते. एवढ्या गढीत फक्त तिच्याच लक्षात येतं की ज्या रात्री काठावर बोलणं जास्त होतं, त्या रात्री पाणी हातभर खाली जातं.

चार जणांना वाचायला दिली. चौघांचं म्हणणं एकच, "मुलगी गोड आहे, पण ती काही करतच नाही." एकानं तिच्या हातात तलवार द्यायला सांगितलं. दुसरीनं "निदान जरा फटकळ तरी कर" असं सुचवलं. मला दोन्ही नकोय. मला ती अशीच हवी आहे, कमी बोलणारी, आणि तरी शेवटी सगळी गढी तिच्यामुळे तरलेली.

तर प्रश्न असा, की शांतपणा हेच जिचं बळ आहे अशी फँटसीतली मुलगी तुम्ही वाचली आहे का? आणि ते बळ तुम्हाला पानावर नेमकं कुठे दिसलं? "छान आहे, जरूर वाचा" एवढ्यावर थांबू नका, प्रसंग सांगा.

भिंगरी

विहीर वाचूनच अंगावर काटा आला! वाचतेय. सविस्तर रात्री लिहिते. पण प्रसंग सांगायचे तर रसभंग होणार, चालेल ना?

सांजवात

चालेल. ज्यांना रसभंग नको त्यांनी इथूनच मागे फिरा.

जुना वाचक

उर्सुला ले ग्विन यांची 'द टूम्स ऑफ अटुआन', १९७१. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर याच पुस्तकात आहे.

तेनार नावाची मुलगी. लहानपणीच तिला घरातून उचलून एका वाळवंटातल्या देवस्थानात आणतात आणि तिचं नाव काढून घेतात. नवं नाव अर्हा, म्हणजे 'गिळलेली'. ती अनामिक काळोख्या शक्तींची प्रमुख पुजारीण. थडग्यांच्या खाली मोठं तळघर आणि त्याला लागून चक्रव्यूह. तळघरात दिवा न्यायला सक्त मनाई. म्हणून ही मुलगी तिथल्या वाटा हातानं शिकते. भिंतीला बोटं लावून चालायचं, किती वळणं गेली ते मोजायचं, डावं की उजवं ते पाठ करायचं. पानंच्या पानं हेच चाललंय आणि एक ओळ कंटाळवाणी नाही.

एका रात्री ती तळघरात जाते आणि तिला उजेड दिसतो. एक चोर, म्हणजे गेड नावाचा जादूगार, काठीच्या टोकावर प्रकाश घेऊन उभा आहे. आणि त्या उजेडात ती पहिल्यांदा पाहते की जी जागा आपण इतकी वर्षं बोटांनी ओळखत होतो ती स्फटिकांनी लखलखतेय. तिच्या मालकीची जागा, आणि ती तिनं कधी पाहिलेलीच नव्हती! यानंतर ती किंचाळत नाही, भाषण करत नाही. चोराला आत कोंडते आणि वरच्या भोकातून रोज त्याला बघत राहते. मारायचं की पाणी द्यायचं? अख्ख्या कादंबरीची उलथापालथ त्या पाण्याच्या निर्णयावर आहे.

सांजवात, तुमची निरू दोर मोजते आणि ही वळणं मोजते. चुलत बहिणी शोभतील.

टाचणी

जुना वाचक, पुस्तक उत्तम आहे यात वाद नाही. पण उदाहरण मला पटत नाही. गेड आला नसता तर तेनार तिथेच म्हातारी झाली असती. तिला तिचं नाव तो परत देतो, वाटही तोच दाखवतो. ही शांत बळाची गोष्ट आहे की सुटकेची?

जुना वाचक

टाचणी, प्रश्न रास्त आहे. पण उलट बाजूनं बघा. ती नसती तर गेड त्या चक्रव्यूहात तहानेनं मेला असता. वाटा तिला ठाऊक आहेत, त्याला नाहीत. त्याची सगळी जादू त्या जागेला तोलून धरण्यात खर्च होतेय. दोघं एकमेकांना बाहेर काढतात.

आणि बाहेर पडल्यावर जे होतं ते मला सर्वांत खरं वाटतं. ती आनंदानं नाचत नाही. रडते. हातात सुरी घेऊन त्याला मारायचाही विचार करते. मोकळं होणं तिला जड जातं. कुठल्या साहसकथेत सुटकेनंतरची ही घुसमट इतकी प्रामाणिकपणे आलीय?

लेखिकेलाही ही मुलगी सोडवेना. १९९० मध्ये 'तेहानू' आली, एकोणीस वर्षांनी. तिथे तेनार मध्यमवयीन विधवा आहे, शेती सांभाळते, आणि आगीत होरपळलेल्या एका पोरीला जवळ करते. जादूगार आता शक्ती गमावून तिच्या दारात आलेला. तरुणपणीचं ते बळ पुढे रोजच्या जगण्यात कसं उतरतं, ते त्यात आहे.

अर्धविराम

जरा भाषेबद्दल. आपल्याकडे कमी बोलणाऱ्या मुलीसाठी शब्द किती आणि कसे आहेत बघा. घुमी. मुखदुर्बळ. मुकी बाहुली. गरीब गाय. सोशीक. आतल्या गाठीची. यातला एकही कौतुकाचा नाही. 'सोशीक' कौतुकानं म्हणतात खरं, पण ते कौतुक ऐकणाऱ्याच्या सोयीचं असतं. 'अबोल' आणि 'मितभाषी' हे बरे, पण तेही पुस्तकी.

मग वाचणाऱ्याच्या डोक्यात हे शब्द आधीच बसलेले असताना निरू पानावर आली, की तो तिला यातल्याच एका कप्प्यात टाकणार. तुमच्या चार वाचकांनी बहुतेक 'गरीब गाय' या कप्प्यात टाकली. तिला 'आतल्या गाठीची' करा असं मी म्हणेन. हा शब्द लोक नावं ठेवायला वापरतात, पण त्यात एक गोष्ट कबूल केलेली आहे. आत काहीतरी आहे, आणि ते बांधून ठेवायचं तिनं स्वतः ठरवलंय.

भिंगरी

अर्धविराम, आणि ती खरोखरच गाठी मारते! व्वा.

निळू

मी इथे पहिल्यांदाच लिहितेय. नववीत आहे. सांजवातताई, मी पण कमी बोलते. सगळे सारखं "बोल ना, बोल ना" करतात. पुस्तकात अशी मुलगी आली की मला भीती वाटते, की आता शेवटच्या प्रकरणात ती सगळ्यांसमोर मोठ्ठं भाषण करणार आणि सगळे टाळ्या वाजवणार. म्हणजे आधीची ती चुकीची होती, आता दुरुस्त झाली. प्लीज निरूला दुरुस्त करू नका.

मला टेरी प्रॅचेट यांच्या 'द वी फ्री मेन'मधली टिफनी आवडते. ती नऊ वर्षांची आहे. नदीतून एक भूत वर येतं, तर ती घरी जाऊन परीकथेच्या पुस्तकात बघते. तिथे लिहिलेलं असतं, "सूपच्या बशीएवढे डोळे." मग ती खरंच सूपची बशी काढून मोजते. आठ इंच भरते. मग तळणीचा तवा घेते, लहान भावाला गोळ्यांची पिशवी देऊन नदीकाठी बसवते आणि भूत वर आलं की हाणते. मला ते मोजणं हाणण्यापेक्षा जास्त आवडलं.

जुना वाचक

निळू, स्वागत. बशी मोजण्याचा मुद्दा अगदी बरोबर पकडलास. घाबरलेलं असताना बशी मोजायला जाणं म्हणजेच धैर्य. आणि 'दुरुस्त करू नका' हे तर सगळ्या लेखकांनी भिंतीवर लिहून ठेवावं.

वळवाचा पाऊस

मी जरा विरोधात बोलतो. मला शांत नायिकांचा प्रकारच संशयास्पद वाटतो. पिढ्यानपिढ्या गोष्टी सांगणाऱ्यांना गप्प मुलगीच आवडत आली आहे. ग्रिम बंधूंची सहा हंसांची गोष्ट घ्या. भावांचे हंस झालेत. बहिणीनं सहा वर्षं बोलायचं नाही, हसायचं नाही आणि सहा सदरे शिवायचे, तर भाऊ माणसात येणार. मध्ये तिचं लग्न होतं, तिची मुलं पळवली जातात, मुलं खाल्ल्याचा आळ येतो, चितेवर चढवतात, तरी ही गप्प! हे बळ? हा तर छळ आहे, आणि त्याला आपण गुण म्हणून गोंजारतो.

त्यापेक्षा मला फिलिप पुलमन यांच्या 'नॉर्दर्न लाइट्स'मधली (१९९५) लायरा हजारपट प्रिय. बोलते, भांडते, बेधडक थापा मारते. अस्वलांच्या राजाला थापांनी गुंडाळते! मुलीला बोलू द्या की हो.

रानजाई

वळवाचा पाऊस, तुमचा राग मला समजतो आणि अर्धा मान्यही आहे. सोसण्याला बळ म्हणू नये. पण ती गोष्ट पुन्हा एकदा वाचा. ती मुलगी सोसत बसलेली नाही, ती शिवतेय. तिचं गप्प राहणं ही तिनं स्वतः पत्करलेली अट आहे, आणि हात क्षणभर थांबलेले नाहीत. चितेकडे नेतात तेव्हाही सदरे तिच्या हातावर आहेत. शेवटच्या सदऱ्याची डावी बाही तेवढी राहिलीय. हंस येतात, ती सदरे फेकते, भाऊ माणसं होतात, आणि धाकट्याला डाव्या हाताच्या जागी पंख तसाच राहतो.

लहानपणापासून मला ती बाही विसरता आलेली नाही. जादू पूर्ण झाली, पण एका बाहीइतकी अपुरी. याच गोष्टीवरून ज्युलिएट मॅरिलिएर यांनी १९९९ मध्ये 'डॉटर ऑफ द फॉरेस्ट' लिहिली. त्यात शिवणाऱ्या मुलीचे सुजलेले, टोचलेले हात पानोपानी दिसतात. गप्प राहण्याला शरीर मिळतं.

सांजवात, निरूचे हात कसे आहेत? रहाट ओढणाऱ्या मुलीचे हात गोड नसणार.

टाचणी

रानजाई, 'सोसणं' आणि 'पत्करणं' हा फरक फार चांगला सांगितलात. सोसणारीला पर्याय नसतो. पत्करणारी रोज सकाळी तोच निर्णय पुन्हा घेत असते. मग लेखकाचं काम एकच, की पर्याय समोर दिसला पाहिजे. तिला बोलता येत होतं, पळता येत होतं, आणि तिनं ते केलं नाही, हे वाचकाला दिसू दे.

वळवाचा पाऊस

हे पटलं. बाहीचं मी विसरलो होतो.

दगडफूल

सगळे परदेशी गेलात म्हणून आठवण करून देते, सावित्री. महाभारताच्या वनपर्वात मार्कंडेय ऋषी युधिष्ठिराला सांगतात ती. सत्यवान वर्षभरात जाणार हे तिला लग्नाआधीच नारदाकडून कळलंय. तरी ती त्यालाच वरते आणि सासरी कुणालाही बोलत नाही. एक वर्ष! रोज एकेक दिवस मोजतेय आणि चेहऱ्यावर काही नाही. यापेक्षा शांत बळ कोणतं?

घुबड

दगडफूल, पण पुढे यमाशी ती इतकं बोलते की शेवटी यमच दमतो. ही तर आपल्या वाङ्मयातली सर्वांत बोलकी नायिका! (हलकेच घ्या.)

दगडफूल

घुबड, बोलते, पण कधी आणि किती ते बघा ना. वर्षभर चकार शब्द नाही, आणि बोलली ती थेट मृत्यूशी. पहिल्यांदा म्हणते काय, तर जाणती माणसं सांगतात, सात पावलं सोबत चाललं की मैत्री होते, आणि मी तुमच्याबरोबर तेवढी चालले आहे. म्हणजे आधी चालली, मग बोलली.

यम वर देत जातो आणि दर वेळी अट घालतो, सत्यवानाचे प्राण सोडून काहीही माग. ती सासऱ्यांची दृष्टी मागते, त्यांचं राज्य मागते, वडिलांना मुलगे मागते, स्वतःला मुलगे मागते. शेवटच्या वराला यमाच्या तोंडून ती अट गळते आणि ती नेमकी तिथे बोट ठेवते. ऐकत होती ती! सगळा वेळ शब्दन् शब्द ऐकत होती. तिची ताकद बोलण्यात आहे असं वाटतं, पण खरी आहे ती कानात.

घुबड

मान गये. कानाचा मुद्दा लाखमोलाचा.

खलाशी

विषय थोडा बाजूला नेतो, पण कादंबरीच्या कामाचं आहे. मी बरीच वर्षं बोटीवर काढली, दोरांशी संबंध आला. सांजवात, दोन गोष्टी.

एक, रहाटाच्या दोराला हाताहातावर गाठी मारल्या तर दोर नीट गुंडाळला जाणार नाही, अडकेल. मोजायला वेगळी सुतळी ठेवा, टोकाला दगड. दुसरं, ताग किंवा अंबाडीसारख्या झाडाच्या धाग्याचा दोर ओला झाला की फुगतो आणि लांबीला आखडतो. आज कोरड्या सुतळीनं मोजलं आणि उद्या ओल्या, तर पाणी तेवढंच असून आकडा वेगळा येईल. तुमची निरू हुशार आहे, तिला हे ठाऊक असणारच. ती सुतळी आधी भिजवून मगच सोडेल.

जुन्या जहाजांवर पाण्याची खोली मोजायला शिशाचं वजन लावलेली दोरी असायची. तिच्यावर आकडे लिहिलेले नसत. ठरावीक अंतरावर खुणा असत. दोन वावांवर (वाव म्हणजे पसरलेल्या दोन्ही हातांएवढं अंतर, साधारण सहा फूट) चामड्याच्या दोन पट्ट्या, तीनवर तीन पट्ट्या, पाचवर पांढरं सुती कापड, सातवर लाल लोकरी कापड, दहावर भोक पाडलेलं चामडं. कापडंसुद्धा वेगवेगळ्या पोताची, कारण काळोखात डोळ्यांनी रंग दिसत नाही, बोटांना पोत कळतो. काही जण तर खूण ओठांना लावून ओळखत.

सांजवात

खलाशीदादा, हे सोनं आहे! वेगळी सुतळी, आधी भिजवलेली, खुणा चामड्याच्या. आजच बदलते. आणि रानजाई, हात मी लिहिलेलेच नव्हते. तेरा प्रकरणं झाली आणि मी तिचे हात पाहिलेच नाहीत.

अर्धविराम

तलवारीच्या सल्ल्याबद्दल राहिलंच. तलवार दिली म्हणून शांतपणा मोडतो असं नाही. रॉबिन मॅकिन्ली यांची 'द हीरो अँड द क्राऊन' (१९८४, पुढच्या वर्षी न्यूबेरी पदक, म्हणजे बालसाहित्याचा अमेरिकी पुरस्कार, मिळालं). राजाची मुलगी एरिन, दरबारात सगळे तिला टाळतात. तिला एका जुन्या पुस्तकात आगीपासून वाचवणाऱ्या मलमाची कृती सापडते. प्रमाण दिलेलंच नाही. मग ती गुपचूप, पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या प्रमाणात घोटून बघते. लाकडाला फासून जाळते, बोटाला लावून जाळते. एकीकडे वडिलांचा जखमी होऊन बाजूला पडलेला लढाऊ घोडा, तलाट, त्याला माणसात आणते. ड्रॅगनशी लढाई येते तेव्हा आपल्याला आधीच माहीत असतं की ही जिंकण्याच्या लायकीची आहे, कारण आपण तिचं घोटणं पाहिलंय.

घुबड

आणि डायना विन जोन्स यांच्या 'हाऊल्स मूव्हिंग कॅसल'ची (१९८६) सोफी! तरुण असताना टोप्यांच्या दुकानात मान खाली घालून शिवत बसणार, टोप्यांशी तेवढं बोलणार. चेटकिणीनं शाप देऊन म्हातारी केल्यावर मात्र कुणाच्या बापाला घाबरत नाही. आणि मजा म्हणजे ती टोप्यांशी बोलत होती तीच तिची जादू होती, तिला पत्ताच नाही. मला ती फार आवडते.

भिंगरी

आले एकदाची. मला मिखाएल एंडे यांच्या 'मोमो'बद्दल लिहायचंय (मूळ जर्मन, १९७३), कारण सांजवातच्या विहिरीशी तिचं जवळचं नातं आहे.

मोमो पडक्या खुल्या नाट्यगृहात एकटी राहते. तिला एकच गोष्ट येते, ऐकणं. ती सल्ला देत नाही, प्रश्न विचारत नाही, नुसती मोठ्या डोळ्यांनी बघत ऐकते आणि समोरच्याला आपलं आपणच उमगतं. एका मुलाचा पक्षी गायचा थांबलेला असतो. मोमो आठवडाभर त्याच्याजवळ बसून ऐकते, तेव्हा तो पुन्हा गातो. आठवडाभर गप्प पक्ष्याला ऐकणं!

पण खरी जागा पुढे आहे. माणसांचा वेळ चोरणारे करडे लोक येतात. त्यातला एक मोमोला वश करायला बोलकी बाहुली घेऊन येतो, कपडे देतो, दागिने देतो, पटवत राहतो. मोमोला त्याच्या बोलण्यात माणूस सापडत नाही, म्हणून ती सवयीप्रमाणे आणखी मन लावून ऐकते. आणि त्याचा बांध फुटतो! जे कुणालाच सांगायचं नाही ते सगळं तो भडाभडा बोलून जातो. आम्ही तुमचा वेळ चोरतो, आम्हाला कुणी ओळखता कामा नये, सगळं. मग स्वतःच्याच बोलण्याला घाबरून पळ काढतो.

त्या पानावर मोमोनं काहीही 'केलेलं' नाही, आणि अख्ख्या शत्रुपक्षाची पहिली हार तिथेच झाली आहे.

टाचणी

भिंगरी, हा प्रसंग आठवला की अजून शहारा येतो. आणि आता मला सांजवातला एक थेट प्रश्न विचारायचाय. त्या विहिरीत निरूचं कुणी आहे का?

सांजवात

आहे. आई. निरू पाच वर्षांची असताना गेली. पण ते मी तेराव्या प्रकरणापर्यंत लपवलंय, तिथे मोठा धक्का आहे.

टाचणी

मग हेच तुमचं दुखणं आहे. तिनं गढीतल्या लोकांपासून लपवावं, आजीपासून लपवावं. वाचकापासून का? तेनारच्या आत काय चाललंय ते गेडला कळत नाही, आपल्याला पानागणिक कळतं. सावित्रीचं गुपित सासरी कुणाला ठाऊक नाही, आपल्याला पहिल्यापासून ठाऊक आहे, म्हणून तर ते वर्ष जीव कुरतडतं. निरू आमच्याशीही अबोल आहे. म्हणून चौघांना वाटलं की ती काही करत नाही. तेरा प्रकरणं ती विहिरीच्या तोंडाशी उभी राहून आईशी न बोलण्याचं काम करतेय, आणि ते तुम्ही आम्हाला दाखवलंच नाही!

वळवाचा पाऊस

शंभर टक्के. पहिल्या पानावर सांगा. धक्का गेला तर जाऊ दे.

जुना वाचक

एक सावधगिरी. सांगा, पण समजावून सांगू नका. मोमोच्या मनात काय चाललंय ते एंडे फारसं उकलत नाहीत, तरी ती पोकळ वाटत नाही. आईचा आवाज आहे एवढं कळलं की पुरे. निरूला काय वाटतं याचे परिच्छेद नकोत.

निळू

मला एक सुचलं, सांगू का? ती आकडे मोजते ना, ते आधी पाण्यासाठी मोजत नसेल. आईचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून मनात आकडे म्हणत असेल. मी पण कुणी ओरडत असलं की आकडे म्हणते. मोजता मोजता मग पाणी खाली जातंय ते तिला कळलं असेल.

रानजाई

निळू!!

टाचणी

मी हे तीनदा वाचलं. सांजवात, बाकी आमचं सगळं सोडून द्या, हे घ्या.

अर्धविराम

+१. गाठ सुटली.

सांजवात

मंडळी, नऊ दिवस इथे फिरकले नाही, कारण पहिलं प्रकरण पुन्हा लिहीत होते. निळू, तुझी कल्पना घेतली आहे, पुस्तकात तुझे आभार असतील. खालचा तुकडा पहिल्या प्रकरणाच्या शेवटचा. जसा आहे तसा देते.

*कुंभाराची सून काठाला टेकून बसली होती. आज तिचं बोलणं सरत नव्हतं. खालून तिच्या पोराचा आवाज येत होता, खिदळल्यासारखा.*

*निरूनं सुतळी घागरीतल्या पाण्यात बुडवली, निथळू दिली आणि दगड विहिरीत सोडला. सुतळी तळव्यावरून सरकू लागली. तिथे कातडी इतकी निबर झाली होती की सरकणं कळत नसे, म्हणून ती बोटांच्या मधल्या मऊ जागेतून सोडायची. चामड्याची एक पट्टी. पाच. भोकाचं चामडं. दहा. ती मनात आकडे म्हणत होती, मोठ्यानं म्हटल्यासारखे.*

*एकतीस. बत्तीस.*

*"निरू, केस विंचरलेस का गं?"*

*तेहतीस, तिनं म्हटलं. तेहतीस. तेहतीस.*

*आकडा पुढे जाईना. हात थांबले होते. खाली कुणीतरी वाट बघत होतं, आणि ते वाट बघणंसुद्धा आईसारखंच होतं. निरूनं सुतळी वर ओढली. पुन्हा भिजवली. पुन्हा एकपासून सुरुवात केली. या खेपेला दगडाचा 'डुबुक' येईपर्यंत ती थांबली नाही. त्रेचाळीस. काल बेचाळीस होते.*

*तिनं रहाटाला खीळ घातली आणि कुंभाराच्या सुनेच्या खांद्यावर हात ठेवला.*

*"आज बास," निरू म्हणाली.*

*सून रडली, चिडली, तिला नाही नाही ते बोलली. निरू हात न काढता उभी राहिली. बाईंचं बोलून झालं तेव्हा चांदणी माथ्यावर आली होती. निरूनं कंदील उचलला आणि तिला घरापर्यंत सोडायला निघाली.*

रानजाई

हात दिसले.

वळवाचा पाऊस

मी शांत नायिकांच्या विरोधात होतो ना, त्या 'तेहतीस'ला माझा घसा दाटला. 'आज बास' म्हणायला या पोरीला जे लागलं असेल ते कुठल्याच तलवारीत नाही.

खलाशी

सुतळी भिजवली, बरं वाटलं. एक बारीक दुरुस्ती. त्रेचाळीस हात खोलीवर दगड पाण्यावर आपटल्याचा आवाज येईल, पण विहिरीत घुमून येईल, स्पष्ट 'डुबुक' नाही. त्यापेक्षा दगड पाण्यात गेल्यावर सुतळीवरचा ताण किंचित हलका होतो, तो बोटांना कळतो. निरूला तोच कळू दे.

सांजवात

केलं. 'डुबुक' काढलं, ताण घातला. आता दुसरं प्रकरण.

निळू

ताई, ती परत एकपासून मोजते ते मला खूप आवडलं. कुंभाराची सून दुसऱ्या दिवशी परत येते का?

सांजवात

येते. आणि येताना एकटी येत नाही.